ख्रिस्ती लोक बळी देत नाहीत, मग ‘देवाचा कोकरा’ म्हणजे काय?

सोलापूरकराला पूजेचे प्रकार नवे नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होम पेटतो. कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्याने पायी जाणाऱ्यांची रीघ लागते आणि नवरात्रात त्याच भवानीच्या देवळात अजाबलीचा मानही असतो. बकरी ईदला कुर्बानीचे वाटे शेजारीपाजारी पोचतात. देवाला काहीतरी अर्पण करायचं ही गोष्ट इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

ख्रिस्ती शेजाऱ्याबरोबर गुड फ्रायडेच्या उपासनेला गेलेला माणूस मात्र गोंधळतो. दुपारी बारा ते तीन तो बाकावर बसतो. प्रत्येक गाण्यात रक्त आहे, प्रार्थनेत यज्ञ आहे, प्रवचनात कोकरा आहे. प्रत्यक्षात ना जनावर, ना सुरी, ना अग्नी. ‘येशू आमच्या पापांसाठी मेला’ असं उत्तर त्याला मिळतं. ते ख्रिस्ती माणसाला पुरतं, विचारणाऱ्याला पुरत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेममध्ये एकाला वधस्तंभावर खिळलं, त्याचा माझ्या आजच्या खोटेपणाशी संबंध काय, हा त्याचा प्रश्न तसाच राहतो. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात बसत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, करारापर्यंत.

करार: भाड्याचा आणि लग्नाचा

बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. इथे करार म्हणजे देवाने माणसांशी शपथेने बांधलेलं नातं. एवढी व्याख्या पुरे.

आपल्या रोजच्या जगण्यातला करार म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. स्टॅम्प पेपर, अनामत रक्कम, दोन साक्षीदार. भाडं थकलं की खोली रिकामी करायची. दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी हवं असतं. ते मिळेनासं झालं की संबंध संपतो. लग्नातही साक्षीदार असतात, वचनं असतात, कर्तव्यं असतात. पण तिथे माणूस वस्तू देत नाही, स्वतःला देतो. नवऱ्याने दिवाळीला आणलेली साडी ही बायकोबरोबर राहायचं भाडं नसते. नातं आधीच आहे म्हणून साडी येते.

बायबलमधला करार या दुसऱ्या जातीचा आहे. ही तुलना माझी नाही; होशेय आणि यिर्मया या संदेष्ट्यांनीच इस्राएल लोकांचं देवाशी असलेलं नातं लग्नाच्या भाषेत मांडलं आहे. पुढचा बराचसा गोंधळ एका चुकीतून होतो: लग्नाचा करार आपण भाडेकरारासारखा वाचतो. मग बळी म्हणजे भाडं वाटू लागतं.

कापलेल्या जनावरांमधली वाट

उत्पत्तीच्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात एक विलक्षण प्रसंग आहे. इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राम म्हातारा झालेला, मूलबाळ नाही. तुझी संतती ताऱ्यांइतकी होईल असं देव त्याला सांगतो. अब्राम विचारतो, हे मला कशावरून कळावं? देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरून अर्धे भाग समोरासमोर ठेवतो. संध्याकाळपर्यंत तो त्यांवर उतरणारी गिधाडं हाकलत बसतो.

त्या काळी असा विधी करार पक्का करण्यासाठी होत असे. कापलेल्या भागांमधून चालणारा माणूस जणू म्हणे, मी शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. हा अर्थ बायबलमध्येच यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात स्पष्ट होतो.

अब्रामच्या गोष्टीत मात्र दोन पक्ष असूनही चालतो एकच. सूर्य मावळतो, अब्रामवर गाढ झोप येते, अंधार पडतो आणि धुराची एक भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. भट्टी आणि मशाल हे देवाच्या उपस्थितीचं चिन्ह. अब्राम त्या वाटेवर पाऊलही ठेवत नाही. शब्द मोडल्याची शिक्षा देव स्वतःवर घेतो आणि समोरच्याकडून तशी शपथ घेत नाही.

या प्रसंगाकडे ख्रिस्ती वाचक वधस्तंभाच्या उजेडात पाहतात. करार माणसांनी मोडला आणि फाटलं गेलं ते देवाचं शरीर, असं ते म्हणतात. जुन्या करारापुरतं पाहायचं तर एवढं निश्चित, की या नात्यात पुढाकार देवाचा आहे. नोहाच्या गोष्टीतही तेच आहे: जलप्रलयानंतर मेघधनुष्य दाखवून देव वचन देतो आणि मोबदल्यात काही मागत नाही.

आधी सुटका, मग आज्ञा

यानंतर कितीतरी पिढ्यांनी इस्राएल लोक मिसर (इजिप्त) देशात गुलाम होतात. विटा थापायच्या, पेंढासुद्धा स्वतःच गोळा करायचा आणि विटांचा आकडा तेवढाच द्यायचा. देव त्यांना तिथून सोडवतो, समुद्र पार करवतो, सीनाय पर्वताशी आणतो आणि मग दहा आज्ञा देतो. क्रम नीट पाहा. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झालेली नाही. दहा आज्ञांची सुरुवातच ‘ज्याने तुला दास्यगृहातून बाहेर आणले तो मी’ अशी होते, मागणी त्यानंतर येते.

या रचनेला इतिहासाचाही आधार आहे. आजच्या तुर्कस्तानात हित्ती राजांची राजधानी हत्तुसा सापडली, तिथल्या मातीच्या पाट्यांवर इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतले तह कोरलेले आहेत. त्यांत आधी राजाची ओळख येते, मग त्याने मांडलिकावर केलेले उपकार, मग अटी, साक्षीदार आणि शेवटी आशीर्वाद व शाप. १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन अभ्यासकाने या तहांशी सीनायच्या कराराचं साम्य दाखवलं. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. पण त्या काळच्या माणसाला हा साचा ओळखीचा होता हे बहुतेक अभ्यासक मानतात.

निर्गम या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात करारावर शिक्का बसतो तो रक्ताने. लोकांचा पुढारी मोशे अर्धं रक्त वेदीवर टाकतो, अर्धं लोकांवर शिंपडतो आणि म्हणतो, हे कराराचं रक्त. या शब्दांकडे पुढे परत यायचं आहे.

लेवीयचं पुस्तक कंटाळवाणं वाटतं, पण तिथे गरीब दिसतो

बायबल वाचायला घेतलेले बहुतेक जण लेवीयच्या पुस्तकाशी थांबतात. चरबी, गुरदे, राख, पीठ, तेल. मला मात्र हे पुस्तक फार जवळचं वाटतं, कारण त्यात देवापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची ऐपत विचारात घेतलेली आहे.

त्यात मुख्य अर्पणं पाच. होमार्पण पूर्ण जाळायचं, त्यातलं कुणाच्या पोटात काही जात नाही. आपलं सगळंच देवाचं आहे असं त्यातून म्हणायचं असतं. अन्नार्पण म्हणजे पीठ, तेल आणि धूप. इथल्या काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या उपासनेला ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कधी जिवंत कोंबडीही वेदीपुढे येते आणि मग त्यांचा लिलाव होतो. त्या प्रथेचं मूळ या अर्पणाच्या जवळपास शोधता येतं. शांत्यर्पण म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवायचं. चरबी देवाची, छाती आणि उजवी मांडी याजकांची, उरलेलं मांस अर्पण करणाऱ्याच्या घरचं. उपकार मानण्यासाठी आणलेल्या जनावराचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. एका कुटुंबाला अख्खं जनावर एका दिवसात संपणार कसं? शेजाऱ्यांना बोलवावंच लागतं.

उरली दोन, पापार्पण आणि दोषार्पण. पापार्पण नकळत घडलेल्या चुकांसाठी. ऐपत असेल तर शेळी किंवा कोकरू आणायचं. नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेवढंही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे दोन लिटर मापाचं पीठ, आणि त्यावर तेल-धूपही नको. त्या मूठभर पिठानेही क्षमा तीच आणि तेवढीच. क्षमा रक्ताच्या वजनावर मिळते असं मानणाऱ्याने लेवीयच्या पाचव्या अध्यायातली ही सोय जरूर वाचावी. आणखी एक गोष्ट: येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईबापांनी मंदिरात जे अर्पण केलं ते कोकरू नव्हतं, पाखरांची जोडी होती. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या लूकने ते लिहून ठेवलं आहे. घर गरिबाचं होतं.

दोषार्पणाचा नियम तर आजच्या बाजारपेठेत फलकावर लावावा असा आहे. कुणाची ठेव बुडवली, कुणाला फसवलं, कुणावर जुलूम करून काही घेतलं, तर आधी ते परत करायचं आणि वर त्याचा पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. मग एडका घेऊन याजकाकडे जायचं. ज्याला लुबाडलं त्याच्या हातात पैसे पडल्याशिवाय वेदीवर काही चढवण्यात अर्थ नाही.

देवाला रक्त कशाला हवं?

हा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. देव काय रक्तपिपासू आहे का?

स्तोत्रसंहितेच्या पन्नासाव्या स्तोत्रात देव स्वतःच याला उत्तर देतो. मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे; मी काय बैलांचं मांस खातो, बोकडांचं रक्त पितो? आजूबाजूच्या संस्कृतींत बळी हे देवांचं अन्न मानलं जाई. त्या काळात हे शब्द धाडसाचे होते. नरबळी आणि पोटच्या मुलांचं हवन यांना तर बायबलने घोर पाप म्हटलं आहे.

मग रक्त का? लेवीयच्या सतराव्या अध्यायातलं उत्तर असं: प्राण्याचा जीव रक्तात असतो. रक्त म्हणजे जीव, आणि जीव देवाचा. म्हणून रक्त खायलाही बंदी. अर्पण करणारा माणूस जनावराच्या डोक्यावर हात ठेवी आणि स्वतःच्या हाताने ते कापी. आपल्या वागण्याने नातं मरतं, कुणाचा तरी जीव जातो, ही गोष्ट त्याला डोळ्यांनी पाहावी लागे. पाप म्हणजे हिशोबाच्या वहीतली खाडाखोड आहे असं समजून घरी जाण्याची सोय त्यात नव्हती.

वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस येई. त्या दिवशी दोन बकरे लागत. एकाचा वध होई आणि प्रमुख याजक त्याचं रक्त घेऊन पडद्यामागच्या परमपवित्रस्थानात जाई. तिथे एरवी कुणालाच प्रवेश नव्हता. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून तो लोकांची पापं मोठ्याने कबूल करी आणि तो बकरा रानात सोडला जाई. बरेच जण हे दोन बकरे एकच समजतात. पापं ज्याच्या डोक्यावर ठेवली तो मारला जात नसे, तो दूर नेला जात असे. मेलेल्याने मंदिर शुद्ध होई आणि जिवंत असलेला ओझं वाहून नेई. क्षमेच्या या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही पुढे येशूबद्दल बोलताना कामाला येतात.

हेही लक्षात ठेवायला हवं की जाणूनबुजून, उद्दामपणे केलेल्या पापावर या व्यवस्थेत अर्पणाची पळवाट नव्हती. गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ते स्वच्छ लिहिलं आहे. खुनी आणि व्यभिचारी झालेल्या दावीद राजाला म्हणूनच एक्कावन्नाव्या स्तोत्रात बळीचा आधार घेता येत नाही. तो म्हणतो, तुला यज्ञ आवडत असता तर मी तो केला असता. माझ्याजवळ आता फक्त भंगलेलं हृदय आहे.

‘तुमचे सण मला नकोत’

इतका तपशीलवार विधी सांगितला की माणसं विधीलाच धरून बसतात. तसंच झालं, आणि मग संदेष्टे उभे राहिले.

इ.स.पू. आठव्या शतकात आमोस नावाचा मेंढपाळ इस्राएलच्या श्रीमंत भक्तांना सुनावतो की तुमच्या सणांचा देवाला तिटकारा आला आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. त्याचा राग कशावर? माप लहान करून, तराजूत खोट ठेवून, जोड्याच्या किमतीत गरिबाला विकत घेणाऱ्यांवर. यशया म्हणतो, तुम्ही हात पसराल तेव्हा देव डोळे झाकेल, कारण तुमचे हात रक्ताने भरले आहेत. त्याच पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवास करणाऱ्यांना विचारलं आहे: उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना पिळता, मग हा उपवास कसला? यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्या कामगाराच्या आणि विड्या वळणाऱ्या बायांच्या गावात हा प्रश्न फार जुना वाटत नाही. नव्या करारात याकोबाच्या पत्रातही तेच आहे. अडवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं.

सर्वांत बोचरा प्रसंग यिर्मयाचा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम वेढलं होतं. घाबरलेल्या पुढाऱ्यांनी सिद्कीया राजाबरोबर देवापुढे करार केला, वासरू चिरून त्याच्या भागांमधून चालत गेले आणि घरचे इब्री दास-दासी मुक्त केले. वेढा सैल होताच त्यांनी त्याच माणसांना पकडून परत दास केलं. विधी यथासांग झाला होता. यिर्मया त्यांना सांगतो: तुम्ही मुक्ती दिली नाही, आता तुम्ही तरवारीच्या, मरीच्या आणि दुष्काळाच्या हवाली. इ.स.पू. ५८७च्या सुमारास यरुशलेम पडलं.

मलाखीचा रोख देवळात रडणाऱ्यांवर आहे. लोक आंधळी, लंगडी जनावरं वेदीवर आणतात. तो म्हणतो, हीच तुमच्या सुभेदाराला देऊन पाहा बरं, तो घेईल का? मग तो अर्पण न स्वीकारण्याचं कारण सांगतो: वेदी आसवांनी भिजवता, आणि तरुणपणच्या बायकोशी बेइमानी करता, ती तुझ्या कराराची बायको आहे.

संदेष्ट्यांना बळी बंद करायचे होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझं मत असं की त्यांचा विरोध बळीला कमी आणि बळीच्या आड लपणाऱ्या माणसाला जास्त होता. बाहेर दुसरा संसार थाटून घरी सोन्याचा हार घेऊन येणाऱ्या नवऱ्याला बायको हार भिरकावून मारते, तेव्हा तिचा दागिन्यांना विरोध नसतो. सिद्धरामेश्वर आणि शरणांच्या वचनांची परंपरा सांगणाऱ्या या गावाला आचरणाशिवायची पूजा पोकळ आहे हे परक्याकडून शिकायची गरज नाही. पण ख्रिस्ती ग्रंथातही हा आवाज इतका मोठा आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, आणि आतल्या काहींना तो ऐकायचा नसतो.

याच यिर्मयाने, सगळं मोडत असताना, एक आश्वासनही दिलं: देव नवा करार करील, नियम दगडावर न लिहिता लोकांच्या हृदयावर लिहील आणि त्यांचं पाप पुन्हा आठवणार नाही.

मग येशू कुठे बसतो?

बाप्तिस्मा करणारा योहान येशूला पाहून म्हणतो, हा पाहा देवाचा कोकरा, जगाचं पाप वाहून नेणारा. ऐकणाऱ्यांच्या मनात वल्हांडणाचा कोकरा असणार. मिसरमधून सुटण्याच्या रात्री त्याचं रक्त दारांच्या चौकटींना लावलं होतं आणि गुलामांची घरं वाचली होती.

अटक होण्याच्या रात्री, वल्हांडणाच्याच सणात, येशू शिष्यांबरोबर जेवायला बसतो. भाकर मोडून म्हणतो, हे माझं शरीर. प्याला घेऊन म्हणतो, हा माझ्या रक्तातला नवा करार. मोशेचं वाक्य आणि यिर्मयाचं आश्वासन त्याने एका प्याल्यात आणलं. आता हे शब्द नीट ऐकू येतात: करार पक्का होतो आहे, आणि रक्त कुणा जनावराचं नाही, करार करणाऱ्याचंच आहे.

इब्री लोकांस पत्रात याचा अर्थ सविस्तर उलगडला आहे. बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पाप काढून टाकायला असमर्थ होतं, म्हणून तर दरवर्षी तोच विधी करावा लागे. येशूने स्वतःला एकदाच अर्पण केलं आणि ते सर्वकाळ पुरलं. येशू मरताच मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असं मार्क आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहितो. वर्षातून एकदा एकाच माणसाला उघडणारी जागा सगळ्यांना खुली झाली. ख्रिस्ती मंडळीत बळी का नाही, याचं उत्तर हे आहे. तो होऊन गेला, असं ख्रिस्ती लोक मानतात.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि यहुदी लोकांचे बळीही थांबले. त्यांनी प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांच्या वाटेने आपला धर्म जिवंत ठेवला. जुना करार आधी त्यांचा ग्रंथ आहे आणि तो वाचायची त्यांची स्वतःची समृद्ध परंपरा आहे, हे ख्रिस्ती माणसाने विसरू नये.

निरपराधाने का मरायचं?

हा आक्षेप ख्रिस्ती माणसाने हसून टाळू नये, कारण तो बायबलचाच आहे. बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये, असं ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. यहेज्केल हा संदेष्टाही सांगतो, जो पाप करील तोच मरेल. मग न्यायी देव एका निर्दोषाला दुसऱ्यांसाठी शिक्षा कशी देतो?

देव एकीकडे, येशू दुसरीकडे आणि आपण तिसरीकडे असं चित्र मनात असेल तर उत्तर मिळत नाही. तसं असतं तर तो अन्यायच होता. ख्रिस्ती विश्वास असा की येशू कुणी धरून आणलेला तिसरा माणूस नाही. नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या शब्दांत, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. अब्रामच्या त्या रात्री तुकड्यांमधून एकटा चालणारा तोच हा.

पुन्हा लग्नाकडे या. फसवलेल्या जोडीदाराने खरोखर क्षमा केली, तर किंमत कोण मोजतं? फसवणाऱ्याला ती भरता येत नाही. झालेला अपमान, गेलेली वर्षं क्षमा करणाराच पोटात घेतो. फुकटची क्षमा फक्त घेणाऱ्याला फुकट असते. वधस्तंभ मला या अर्थाने समजतो. (म्हणून मार खाणाऱ्या बाईने सोसतच राहावं असा सल्ला कुणी यातून काढत असेल, तर तो या ग्रंथाचा गैरवापर आहे. इथे सोसणारा समर्थ आहे आणि स्वखुशीने सोसतो. दुबळ्याला सोसायला लावणाऱ्यांवर संदेष्टे तुटून पडले होते, ते आपण आत्ताच पाहिलं.)

हे नेमकं कसं घडतं, याची स्पष्टीकरणं ख्रिस्ती विचारवंतांनीही वेगवेगळी दिली आहेत. पहिल्या शतकांत भर होता मृत्यू आणि सैतान यांवरच्या विजयावर. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने देवाच्या मानाचं ऋण फेडण्याची मांडणी केली, बाराव्या शतकात आबेलारने प्रेमाच्या दर्शनाने पालटणाऱ्या माणसावर भर दिला, सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी आपल्या वाट्याची शिक्षा भोगण्याची भाषा वापरली. बहुतेक मंडळ्यांनी मान्य केलेल्या जुन्या विश्वासांगीकारात येशू ‘आम्हांसाठी’ वधस्तंभावर खिळला गेला एवढंच आहे; कसं, याचा एकच सिद्धान्त त्यात बांधलेला नाही.

एकदाच झालं, मग मोकळं रान?

पौलालाही हे विचारलं गेलं होतं. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? रोमकरांस पत्रात तो म्हणतो, मुळीच नाही. बायको क्षमा करते म्हणून पुन्हा फसवायला निघालेल्या माणसाला क्षमा कळलेलीच नसते.

याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल अर्पणाची भाषा परत आणतो. तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून सादर करा, हीच तुमची उपासना. म्हणजे सोमवार ते शनिवार हात काय करतात, तोंड काय बोलतं, दुकानातलं बिल कसं बनतं, हे सगळं वेदीवर आलं. येशूने तर विधी मध्येच थांबवायला सांगितलं आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा, मग ये. जागेच्या वादात भावाभावांनी वर्षानुवर्षं बोलणं टाकायचं आणि दर रविवारी एकाच मंडळीत वेगवेगळ्या बाकांवर बसून स्तोत्रं म्हणायची, याला या वाक्यात कुठे जागा नाही.

भाकर आणि प्याला

ज्या जेवणात येशूने नव्या कराराचे शब्द उच्चारले ते मंडळी आजही पाळते. प्रोटेस्टंट मंडळ्या त्याला प्रभुभोजन म्हणतात, कॅथलिक त्याला मिस्सा म्हणतात. सोलापुरात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केलं, त्यामुळे इथल्या जुन्या मराठी मंडळ्या प्रोटेस्टंट वळणाच्या. कॅथलिक उपासनाही शहरात होते.

दोघांत फरक आहे. कॅथलिक शिकवणीनुसार मिस्सामध्ये येशूचं तेच एक अर्पण आपल्यासमोर साक्षात होतं. दुसरा नवा बळी दिला जात नाही. १५६२ साली ट्रेंटच्या परिषदेने हे ठरवून मांडलं. प्रोटेस्टंट परंपरा स्मरण आणि सहभागावर भर देतात. त्यांच्यातही एकमत नाही. ल्यूथर आणि झ्विंग्ली हे सुधारक १५२९ मध्ये मारबुर्गला यासाठीच भेटले आणि याच मुद्द्यावर एकमत न होता परतले.

सोन्यासारखी गोष्ट मात्र करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. तिथे पैसेवाले लवकर येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर तीच होती, शब्दही तेच असतील. पंगतीत गरिबाचा अपमान झाला, एवढ्याने ते रद्द.

पेटीत पैसे टाकले की आशीर्वाद?

गेल्या काही वर्षांत टीव्हीवर आणि मोबाइलवर एक प्रचार जोरात आहे: देवाला एक द्या, शंभरपट घ्या. बियाणं पेरा, कर्ज फिटेल. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला दशांश यासाठी हमखास वापरला जातो. मला याची चीड येते. तो दशांश मंदिराच्या कोठारात जाई आणि ‘अनुवाद’ पुस्तकातल्या नियमाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश जमीन नसलेल्या लेव्यांना (मंदिरसेवकांना), परक्यांना, अनाथांना आणि विधवांना खायला मिळे. तो कुण्या प्रचारकाच्या गाडीसाठी नव्हता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शिमोन नावाचा जादूगार आत्म्याचं सामर्थ्य विकत मागतो, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला सांगतो की तुझ्या पैशासकट तुझा नाश होवो. देवाशी सौदा करणं म्हणजे लग्नाचा भाडेकरार करणं.

मग नवस? बायबलमध्ये नवस आहेत. हन्नाने मुलासाठी नवस केला आणि तो फेडलाही. हरेगावच्या मतमाउलीच्या (येशूची आई मरिया हिच्या) यात्रेला मेणबत्त्या घेऊन जाणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, इतर धर्मांचेही असतात. त्यांच्या श्रद्धेकडे मी वरून पाहणार नाही. उपदेशकाचं पुस्तक एवढंच बजावतं, की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा.

येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसला होता तेव्हा श्रीमंत बरंच काही टाकत होते. एका विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या. हिने सर्वांहून जास्त टाकलं, असं तो म्हणाला. त्याच्या लगेच आधी त्याने विधवांची घरं गिळंकृत करून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार केला होता. ही दोन वाक्यं मार्कने शेजारी ठेवली आहेत, ती तशीच वाचावीत.

पाहुणा म्हणून गेलात तर

कुणी बोलावलं तर जरूर जा. स्तोत्रांना सगळे उभे राहतात, तुम्हीही राहिलात तर चालतं. दानाची थैली फिरेल. काही टाकलं नाही तर कुणी वाईट वाटून घेत नाही. प्रभुभोजन असेल तर ते बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, कारण ते करारात असल्याचं चिन्ह आहे. तेव्हा शांतपणे जागेवर बसून राहिलात की पुरे. भाकर तुमच्यापर्यंत आलीच तर हाताने नम्रपणे नको म्हणावं; तो अनादर मानला जात नाही. शंका असेल तर उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारा, ते बहुधा दारातच हात मिळवायला उभे असतात.